टकटकरावांचा फुगा

चित्रकथेत पात्रांच्या तोंडाजवळ जो पांढरा फुगा असतो, त्यात सुवाच्य अक्षरांत संवाद लिहिणे हे माझे काम आहे. एका साप्ताहिकात एकोणीस वर्षे ते मी इमानेइतबारे करतो आहे. काय लिहायचे ते बाई सांगतात, कारण चित्रे त्यांची आणि गोष्टही त्यांची. अक्षर फुग्यात नीट बसले पाहिजे, एवढीच माझी जबाबदारी. बाकी कशाशीही माझा संबंध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

कथेचा नायक टकटकराव हा बोलणारा सुतारपक्षी. परीराज्यात लाकूड दिसले की हे महाशय तीन टोले मारतात आणि आतून पोकळ असेल तर तोंडावर सांगतात. राजाचे सिंहासन असो की चेटकिणीचा झाडू, भीडभाड नाही. आजवर त्यांचे एकदाही चुकलेले नाही. पोरांचा आईबापांपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास.

या खेपेला राजकन्या लाकडी पुलावरून जाणार होती. बाईंनी आमच्या कार्यालयासमोरचा कालव्यावरचा पूल जसाच्या तसा काढला, डावीकडचा वाकलेला कठडासुद्धा. त्या पुलाबद्दल बाईंनी तीनदा अर्ज दिले होते, कुणी फिरकले नव्हते. म्हणून हे काम त्यांनी टकटकरावांवर सोपवले. चोच वासून, पंख पसरून ते ओरडत होते, "राजकन्ये, थांब! पूल आतून पोखरलेला आहे!"

छपाईआधी अंक आक्षेप निवारण समितीपुढे जातो. आक्षेप येण्याआधीच त्याचे निवारण व्हावे, अशी तिची कार्यपद्धती आहे. समितीवर पूल देखभाल खात्याचे एक निवृत्त अधिकारी आहेत.

"पोखरलेला? कुणाच्या अहवालानुसार?" त्यांनी विचारले.

"टकटकरावांच्या," बाई म्हणाल्या.

"त्यांची शैक्षणिक अर्हता?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. 'पूल जरा थकलेला आहे' असा मसुदा मंजूर झाला. मी खोडून लिहिले.

पुढच्या बैठकीत ज्येष्ठ नागरिकांचे प्रतिनिधी तडकले. "थकलेल्यांवर पाय ठेवू नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मग 'पुलाबद्दल मला काही सांगायचे आहे' असे ठरले. पण काय सांगायचे आहे, या विचाराने लोक घाबरतील, असा मुद्दा निघाला. उरले 'पूल!' त्यातले उद्गारचिन्ह चिथावणीखोर वाटले, तेही गेले. दर वेळी खोडणारा मी, लिहिणारा मी. माझ्या मनगटाचा विचार करतो कोण?

आता एवढ्या मोठ्या फुग्यात एकटा 'पूल' भकास दिसू लागला. मला अशी रिकामी जागा अजिबात खपत नाही. मी तडक संपादकसाहेबांकडे गेलो.

"मग घाला की दोन चांगले शब्द," साहेब मान वर न करता म्हणाले.

मी 'पूल छान आहे' असे लिहिले. अक्षर अगदी मधोमध बसले.

बाईंनी ते पाहिले मात्र, आणि भडकल्याच. "अहो, तो पक्षी जीव तोडून ओरडतोय!"

"माणूस कौतुकानंही ओरडतो," साहेब म्हणाले.

"आणि पुढच्या अंकात राजकन्या पडते, त्याचं काय?"

"पडेल कशी? पूल छान आहे, असं छापून आलेलं असेल."

बाईंनी ब्रश टेबलावर आपटला आणि त्या कायमच्या घरी गेल्या. वळसा घालून गेल्या, हे मी खिडकीतून पाहिले.

अंक निघाला. देखभाल खात्याने ते चित्र मोठे करून पुलाच्या तोंडाशी लावले. कठड्याकडे पाहून आजवर निम्मे लोक वळसा घालायचे. आता खुद्द टकटकराव म्हणताहेत म्हटल्यावर झुंबड उडाली. पहिल्याच फळीवर पाय पडला की खालून कर्र असा आवाज येतो, त्याचे लोक हौसेने व्हिडिओ काढतात.

काल नातीला शाळेतून आणताना ती पुलापाशी माझा हात ओढू लागली. "आजोबा, चला ना! टकटकराव कधी खोटं बोलतात का?"

खरे सांगावे तर नोकरी जाते, आणि ते अक्षर माझेच म्हटल्यावर हिला तोंड कसे दाखवायचे?

"बूट चावतोय गं माझा. आपण लांबून जाऊ."

"बूट चावतोय तर लांबून कशाला?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चल मुकाट्यानं!"

आम्ही वळलो तेव्हा मागून बरीच मंडळी पुलाकडे येत होती. त्यांत बहुधा तुम्हीही होतात, चेहरा ओळखीचा वाटला. तुम्हाला थांबवणार होतो, पण ते माझ्या कामात बसत नाही. मी बाजूला सरून तुम्हाला वाट दिली. पहिल्या फळीचा आवाज तुम्हीही स्वच्छ ऐकलात. क्षणभर थबकलात, वळून फलक पुन्हा एकदा वाचलात, आणि बरोबरच्या माणसाला "अक्षर काय सुरेख आहे हो!" असे म्हणत पुढे निघालात.