सिस्टरबाईंचा महिन्याचा कोर्स

तुमच्या कपाटातलं एखादं नवंकोरं पुस्तक कुणी ब्लेडनं कापून त्याचे चार तुकडे केले, तर तुम्ही त्या माणसाला काय म्हणाल? सावकाश विचार करून सांगा. फक्त त्याआधी हेही सांगा, की ते पुस्तक तुम्ही स्वतः शेवटचं कधी उघडलं होतं?

आमच्या सिस्टरबाई दर महिन्याला एक पुस्तक कापतात.

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त नर्स. शिराळ्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथं एकट्या राहतात. नोकरीची बहुतेक वर्षं जत तालुक्यात गेली, त्यामुळे बोलणं आमच्याकडचं आणि वाद मिटवायचा शब्द मात्र कानडी. "साकु!" म्हणाल्या की पुरे झालं. समोर कलेक्टर असला तरी त्यानं गप्प बसायचं.

दर महिन्याच्या एक तारखेला त्या एसटीनं सांगलीला जातात. दुकानात पुस्तकाच्या मागचा मजकूर कधी वाचत नाहीत. मधलंच पान उघडतात, दोन बोटं ओळीवर ठेवतात आणि नाडी बघितल्यासारख्या थांबतात. "चालू हाय," असं पुटपुटल्या की पुस्तक पिशवीत. घरी आल्यावर तीन दिवसांत ते स्वतः पूर्ण वाचायचं. ही तपासणी. मग ऑपरेशन. मग चार आठवडे कोर्स. तीन आणि अठ्ठावीस मिळून एकतीस होतात, त्यामुळे फेब्रुवारी महिन्यावर त्यांचा कायमचा राग आहे.

ऑपरेशन मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घेरी आली होती. टेबलावर मेणकापड. कोपरापर्यंत धुतलेले हात. त्यांनी पुस्तक पालथं घातलं, पुठ्ठा सोलला, शिवण उसवली आणि ब्लेड सरळ आत घातलं. आमच्या घरी वडिलांनी पत्रकं काढली, आजोबांनीही काढली. छापलेल्या कागदावर पाय पडला तर नमस्कार करायचा, असं वाढलेली मी.

"खाली बस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "डोकं गुडघ्यात घाल. रक्त न्हाई निघत त्यातनं."

मग वाकड्या सुईनं चारही भागांना वेगवेगळे टाके घातले, पाठीवर चिकटपट्टी लावली आणि प्रत्येकात एकेक केसपेपर ठेवला. त्यावर तीन प्रश्न. ताप आला का? झोप लागली का? कुठं दुखलं?

ही पद्धत जतची. तिकडे चार उपकेंद्रांत चार नर्सा होत्या, चौघींत मिळून पुस्तक एक. पूर्ण पुस्तक एकीकडे अडकलं तर बाकीच्या तिघी कोरड्या. म्हणून त्यांनी पुस्तक कापलं आणि पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरकडे भाग दिले. टँकर गावात आला की बायका घागरी घेऊन धावायच्या आणि नर्सबाई ड्रायव्हरच्या केबिनकडे. "पानी पंधरा दिसांनी यायचं," त्या सांगतात, "पन त्यो गडी भाग कवा चुकीच्या गावात देत न्हवता."

आमच्या गावातही चौघंच वाचणारे आहेत. दर आठवड्याला भाग फिरतात, त्यामुळे प्रत्येकाची सुरुवात वेगळीकडून होते. सिस्टरबाई आधीच वाचून बसलेल्या असतात, त्या दुसऱ्या भागापासून पुन्हा वाचतात. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार आबांना आधी तिसरा भाग मिळतो. त्यांची तक्रार नाही. "लढाईतपन मी मधेच पोचलो हुतो," म्हणतात. मला कायम चौथा आधी. त्यामुळे मला प्रत्येक कादंबरीचा शेवट माहीत असतो आणि तो का झाला हे कळायला महिना लागतो. मी एकदा केसपेपरवर 'कुठं दुखलं?' पुढे दोन पानं भरून समाजव्यवस्थेवर लिहिलं. परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता, 'पेशंटनं जागा सांगावी. भाषण नको.'

सरळ क्रमानं, एक, दोन, तीन, चार, असं वाचायला मिळायचं फक्त शैलाला.

शैला म्हणजे अण्णांची सून. अण्णा माजी सरपंच, उसाचं मोठं रान, गावात शब्दाला वजन. शैला रक्त वाढवायच्या गोळ्या न्यायला सिस्टरबाईंकडे यायची आणि गोळ्यांबरोबर भाग न्यायची. तिच्या केसपेपरवर एकच शब्द असायचा. 'छातीत.' कधी 'हातात.' एकदा नुसतं 'हो.'

तिला पहिला भाग पहिला का, असं मी भांडून विचारलं होतं. सिस्टरबाई म्हणाल्या, "तुला शेवट आदी कळला तर तू पत्रक काढशील. तिला आदी कळला तर ती फुडचं वाचायचीच न्हाई. तिच्या घरात शेवट आदीच ठरल्याला आसतो."

आणि पूर्ण पुस्तक पदराखाली मावत नाही. चौथाई मावते. पुस्तक कापणं हे पाप आहे असं ज्यांना अजून वाटत असेल, त्यांनी एकदा पदराखाली जाडजूड कादंबरी घेऊन सासूसमोरून जाऊन दाखवावं.

त्या महिन्यातली कादंबरी होती वीटभट्टीवरच्या एका बाईची. ती ट्रक चालवायला शिकते. मी शेवटचा भाग वाचला होता, म्हणजे बाई जिवंत राहते एवढं मला ठाऊक होतं. तिसऱ्या आठवड्यात तिसरा भाग शैलाकडे होता. तो पुढच्या आठवड्यात माझ्याकडे यायचा होता.

त्याच आठवड्यात अण्णांनी सिस्टरबाईंचा सत्कार ठेवला. वाचन चळवळीतल्या योगदानाबद्दल. फ्लेक्सवर अण्णा दारभर आणि सिस्टरबाई कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढ्या. शाल, नारळ, 'ग्रंथमाऊली' असं लिहिलेली फ्रेम. अण्णा माइकवर म्हणाले, "आमच्या घरात पुस्तकाला देवघराएवढा मान हाय." टाळ्या झाल्या. शैला मंडपात नव्हती. ती घरी पाहुण्यांसाठी पोहे करत होती.

संध्याकाळी पाहुणे अण्णांच्या घरी चहाला गेले. चुलीशी उभी राहून शैला तिसरा भाग वाचत होती आणि दूध उतू गेलं. सासू आत आली. तिनं सुनेच्या हातातून भाग घेतला आणि आंघोळीच्या पेटत्या बंबात टाकला. बाहेरच्या खोलीत अण्णा तेव्हा वाचनाचं महत्त्व सांगत होते. हे मी रचून सांगत नाही. तिथं, आतलं दिसेल असं दारासमोर बसलेल्या सुभेदार आबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना आबांचा कप खाली ठेवायचा राहून गेला होता.

शैलानं हात भाजून घेत भाग बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या गड्यानं तो कॅरीबॅगमधून आणून दिला. "सूनबाईस्नी आता टाइम न्हाई म्हनं," एवढा निरोप.

सिस्टरबाईंनी चिमट्यानं एकेक पान सोडवलं. पुढची पानं करपली होती पण वाचता येत होती. शेवटची अकरा पानं गेली होती. बाई भरलेला ट्रक घेऊन घाट उतरतेय, ब्रेक लागत नाही, आणि पुढे राख. सांगलीच्या दुकानदारानं दुसरी प्रत मिळणार नाही म्हणून सांगितलं.

सिस्टरबाई करपलेली पानं सांधण्यात गुंतल्या होत्या, म्हणून मी आबांकडे गेले. त्यांनी तो भाग पहिल्याच आठवड्यात वाचला होता.

"गाडी सेफ," आबा म्हणाले. "ड्रायव्हर सेफ. घाट पार."

"अहो, पण कशी?"

"रिपोर्टात कशी नसतं, पोरी."

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. अण्णांचं नाव घेऊन, शालीचा आणि बंबाचा उल्लेख करून, एका बाजूला गच्च मजकूर. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभी राहून स्वतः वाटलं. लोकांनी वाचलं, हसले, त्यात शेंगा बांधून नेल्या. अण्णांना काही झालं नाही. ते मला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "लिखान छान करतीस गं." शैलाचा मोबाईल घरच्यांनी काढून घेतला. तिच्या गोळ्या न्यायला गडी यायला लागला. ती घराबाहेर दिसेनाशी झाली.

सिस्टरबाई माझ्यावर एकदाच ओरडल्या, तेही हळू आवाजात.

"भाजल्यालं मानूस आलं तर आदी काय करत्यात? थंड पानी घालत्यात. तू काय केलंस? गाव गोळा केलंस बघायला."

"मग गप्प बसायचं?"

"मी गप बस म्हनलं न्हाई. मी म्हनलं, पेशंट कोन हाय त्ये आदी बघ. तुला अण्णाच दिसला."

मी चिडून निघून आले. आणि पुढच्याच गुरुवारी बघते, तर सिस्टरबाई अण्णांच्या घरातून बाहेर येतायत. हातात रक्तदाबाचं मशीन, मागे दारापर्यंत सोडायला अण्णांची बायको. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. शाल पांघरली की माणूस असा मऊ होतो, असं मी ठरवून टाकलं. त्यांच्याकडे जाणं बंद केलं. तीन महिने आबा माझे भाग आणून द्यायचे आणि मी ते न उघडता आबांच्याच हाती परत पाठवायचे. केसपेपरवर लिहायचे, 'दुखत नाही.'

मग एका गुरुवारी सिस्टरबाई माझ्या दारात उभ्या. गुडघा सुजलेला.

"गाडीवरनं सोडतीस का?"

"कुठं?"

"तुला ठाऊक हाय कुटं. आत येऊ नगंस. भाईर थांब."

दुखऱ्या गुडघ्याला नाही म्हणता येत नाही. मी सोडलं आणि अण्णांच्या घराच्या बाजूला, शेवग्याखाली, गाडीवर बसून राहिले. डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी. आत मशीनचा पट्टा फुगवल्याचा आवाज आला.

"वाढलंय का ओ?" सासूचा आवाज.

"जरा हाय. बोलू नगा, गप पडा. मी बोलते. तर ती माजी जतची पेशंट."

"ती ट्रकवाली?"

"व्हय. गेल्या खेपंला कुटं थांबलो हुतो?"

"घाटात," आतून दुसरा आवाज आला. शैलाचा. तीन महिन्यांनी मी तो ऐकत होते. "मागं इटा भरल्याल्या. ब्रेक गेल्याला."

मी गाडीच्या आरशाला धरून बसले. ही कुठली पेशंट, ते मला कळलं होतं.

"उतार असा," सिस्टरबाई सांगत होत्या, "की फुडचं वळान दिसंना. एका अंगाला दरी, एका अंगाला डोंगूर."

"गियर टाकला का तिनं?" शैला.

"तू चहाकडं बघ," सासू म्हणाली. कपबशा वाजल्या. मग सासूच म्हणाली, "टाकला का ओ, सिस्टरबाई?"

"टाकला. पैला टाकला. गाडी लय वरडली. तरी थांबंना. मग तिनं काय केलं, गाडी डोंगराच्या अंगाला घातली. भिताडाला खांदा लावून सरकावं तशी. पत्रा फाटला, इटा सांडल्या, पर गाडी घासत घासत थांबली."

"अगं बया."

"खाली उतरली. हात बगितलं सोताचं. हात थरथरत न्हवतं. त्येच बगून तिला रडू आलं."

जळून गेलेल्या अकरा पानांतलं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"आनि तिच्या सासरचं काय म्हनलं?" सासूनं विचारलं. आवाज वेगळाच होता, आजारी माणसाचा नव्हता.

"त्ये फुडल्या गुरवारी. आता नाडीवर बोटं ठिवून शंभर मोजा आनि गप पडा."

परत येताना निम्म्या रस्त्यात मी विचारलं, "हे सगळं पाठ कसं राहतं?"

"राहतंय कुटं? वय झालं. बुधवारी सैपाकघरात तीनदा मोठ्यांदा वाचते, जळल्याली पानं आदी दोनदा वाचल्याली, ती आठवून म्हनते. शेजारी म्हनत्यात, सिस्टर एकटीच बडबडती, डोक्यावर परिनाम झालाय. म्हनू द्यात. दुसरं कोन हाय घरात ऐकायला?"

"सासूला माहितीय का, तिनं जाळलेलंच पुस्तक ती ऐकतेय?"

"म्या इचारलं न्हाई." मग मांडीवरचं मशीन सावरत म्हणाल्या, "गेल्या खेपंला माजी येक ओळ इसरली. त्ये नाव सुचंना ट्रकवालीचं. तर म्हातारीनं सांगितलं."

अण्णांचं भाषण यंदाही होणार आहे, फ्लेक्स लागला आहे. शैलाच्या हातात अजून पुस्तक नाही. एखाद्या घरात बाईपर्यंत पुस्तक पोचायला पुस्तकाला आजारपणाचं सोंग घ्यावं लागतं, याचा मला राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. या खेपेला मात्र मी गावाचं नाव सांगितलेलं नाही आणि सगळी नावं बदलली आहेत. एवढं मी शिकले.

सिस्टरबाईंचा गुडघा आता जिना चढू देत नाही आणि गावात अशी घरं बरीच आहेत. तुमच्याही गल्लीत एक असेल. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा या महिन्यात एक पुस्तक वाचा, मोठ्यानं, तीनदा. मग रिकाम्या हातांनी त्या घरी जा, चहा घ्या, आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागा.