आरे उपसायचा आकडा आणि सासूबाईंची गंगा

पहिल्यांदाच सांगून ठेवतो, औजारांच्या बाबतीत अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता! कसा असेल? एका सरकारी भांडारात मी औजारांचा कारकून. चारशे बारा औजारं माझ्या सहीशिवाय कपाटाबाहेर पाऊल टाकत नसत. पान्हे, करवती, पटाश्या, घण, सगळ्यांचे नंबर मला तोंडपाठ! आता त्यातलं एकही मी कधी वापरलं नव्हतं, हा भाग वेगळा. पण मग आमच्या साहेबांनी तरी कुठं वापरलं होतं?

त्यात एक औजार निजामाच्या काळातलं होतं. हातभर लांब लोखंडी आकडा, एका टोकाला जबडा, मधे जाड आट्यांचा स्क्रू आणि मागे फिरवायचा दांडा. रजिस्टरात त्याचं नाव उर्दूत होतं आणि ते वाचणारा कारकून कधीच निवृत्त होऊन गेला होता. मी बरीच वर्षं त्याचा कागदावर ठेवायचं वजन म्हणून उपयोग केला. मग एक दिवस एक म्हातारा मिस्त्री आला नि म्हणाला, "साहेब, हे लाकडी चाकाचे आरे उपसायचं हाय. आरा जबड्यात धरायचा, स्क्रू चाकाच्या मधल्या तुंब्याला टेकवायचा अन दांडा फिरवायचा. दाढ उपटल्यावानी आरा भाईर!"

झालं! त्या दिवसापासून माझे हात शिवशिवायला लागले. पण हापिसात लाकडी चाक कुठून आणणार? तेवढ्यात चौऱ्याहत्तर सालचा धोंड्याचा महिना आला आणि सासुरवाडीचं आमंत्रण आलं.

धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिकात, जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याचे पाय धुतात, त्याला पुरणाचे धोंडे करून घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. आणि मुख्य म्हणजे महिनाभर त्याला कुणी कशाला 'नाही' म्हणत नाही. ही शेवटची रीत ज्यानं पाडली, त्यानं माझ्यासारखा जावई पाहिलेला नसणार. मी आकडा रीतसर सही करून घेतला, धोतराच्या पानात गुंडाळला आणि बायकोला, पंचफुलाला, घेऊन सोनपेठच्या एसटीत बसलो.

स्टँडवर मेहुणा बन्सीधर गाडी जुंपून उभाच होता. गाडी सुटली तशी उजव्या चाकातून 'कुईंऽऽ कुईंऽऽ' सुरू झालं. माझे कान टवकारले!

"चाकाला काय झालं रे?"

"एक आरा हलायलाय, दाजी. मुंजाजी सुतार उद्या सांजच्याला पाचर ठोकून देतो म्हनलाय. परवा मायला गंगेला न्यायचंय ना."

गंगा म्हणजे आपली गोदावरी. सासुरवाडीच्या गावापासून तीन कोस. अधिकात गंगेत एक बुडी मारायची, एवढीच माझ्या सासूबाईंची, सरजाबाईंची, इच्छा होती. पण गेल्या अधिकात सासऱ्यांचा पाय मोडला आणि त्याच्या आदल्या अधिकात सुनेचं बाळंतपण आलं. अधिक येतो अडीच-तीन वर्षांतून एकदा. म्हणजे बाई आठ वर्षं कोरड्याच! परवा अवस, अधिकाचा शेवटचा दिवस. आळीतल्या सात बायका बरोबर येणार होत्या आणि लुगड्यांच्या घड्याही घालून झाल्या होत्या.

"माय चार दिसापासून झोपली न्हाई म्हनं," पंचफुला म्हणाली. "एवढं नीट पार पडू द्या म्हंजे झालं."

"मी असताना काळजी कसली?" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात नको तितक्या वेळा म्हटलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंजाजीला बोलावणं धाडलं. तो तासायचा वाकस आणि पाचर घेऊन आला. शांत माणूस, साठीचा. मी पाचर हातात घेऊन अशी पाहिली, जशी साहेब माझी टाचणं पाहतात.

"पाचर? अहो मुंजाजी, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि तुम्ही अजून पाचर ठोकताय? आरा बाहेर काढा, नीट साफ करा, परत बसवा. शास्त्रशुद्ध!" आणि मी धोतराच्या घडीतून आकडा बाहेर काढला.

मुंजाजीनं आकड्याकडं पाहिलं. मग सासऱ्यांकडं पाहिलं. माझे सासरे आबासाहेब, भारदस्त माणूस, एका हाकेत बैल बसवणारे. त्यांनी मुंडासं सारखं केलं.

"करा जावईबापू," ते म्हणाले. "गाडी तुमचीच हाय."

चाकावर चढवलेली लोखंडी धाव आधीच ढिली होती. बन्सीधरनं घणाचे चार घाव घातले नि ती निघाली. मग चाकाच्या गोल कडेचे लाकडी पुठ्ठे ठोकून सुटे केले. मधे राहिला तुंबा आणि त्यात रोवलेले बारा आरे. तोवर निम्मं गाव अंगणात जमलं होतं. मी बाह्या वर केल्या, हलणारा आरा जबड्यात पकडला आणि दांडा फिरवला. कर्रऽऽ कर्रऽऽ करत आरा अल्लाद बाहेर!

"आरारारा!" लोक ओरडले. "दाजीनं कमाल केली!"

खरं तर कहाणी इथंच संपायला हवी होती. एक आरा हलत होता, एक काढला, विषय संपला. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हा तर हलतच व्हता. घट्ट असलेला निघतोय का बघू!"

आता मला सांगा, हा माझ्या खात्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता की नव्हता? दुसरा काढला. तिसरा काढला. चौथ्याला मी दमलो, तर लोकांनी रांग लावली! ज्याला त्याला दांडा फिरवून पाहायचा होता. ज्यांनी जन्मात स्वतःच्या विहिरीचा रहाट फिरवला नाही, तेसुद्धा घाम गाळायला लागले. तासाभरात बाराच्या बारा आरे अंगणात ढिगानं पडले. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. टाळ्यासुद्धा झाल्या.

मुंजाजी एवढा वेळ ओट्यावर बिडी ओढत बसला होता. त्यानं बिडी विझवली.

"जावईबापू, खुणा केल्या का?"

"कसल्या खुणा?"

"कंचा आरा कंच्या खोबणीतला, त्याच्या. हे काय मिशिनीतलं चाक न्हाई. माझ्या आज्यानं घडवलेलं हाय. येकेक आरा त्याच्या त्याच्या खोबणीला तासलेला. ह्याच्या घरात त्यो शिरत न्हाई. आमी काढताना आऱ्यावर अन तुंब्यावर वाकसाचे घाव घालून ठिवतो. येक, दोन, तीन."

टाळ्या वाजवणारे हळूहळू पांगायला लागले.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मी चिडलो.

"अधिक म्हैना हाय ना," मुंजाजी थंडपणे म्हणाला. "जावयाला न्हाई म्हनायचं न्हाई. आबासाहेबांची तशी ताकीदच हाय."

घाबरलो असेन असं वाटलं असेल तुम्हाला. छे! सरकारी माणूस! मी कागद मागवला, रकाने आखले. आरा क्रमांक, खोबण क्रमांक, शेरा. आऱ्यांवर खडूनं आकडे टाकले आणि एकेक आरा एकेका खोबणीत घालून पाहायला लागलो. कुठं ढिला, कुठं घट्ट, कुठं अर्ध्यातच अडकला. शेऱ्याच्या रकान्यात मी 'बसत नाही' असं इतक्यांदा लिहिलं की शेवटी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहायला लागलो. दुपार कलली तोवर पाच आरे बसले. मुंजाजीनंही मान डोलावली. मला हुरूप आला. उरलेले मोजले, तर पाच!

पाच आणि पाच दहा. पुन्हा मोजले. दहाच.

"बन्सीधर, दोन आरे कुठंयत?"

बन्सीधरनं गाडीखाली पाहिलं, गोठ्यात पाहिलं, कडब्याच्या गंजीमागं पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धोंडे तळल्याचा खमंग वास आला आणि मागोमाग चांगुणाबाईंचा आवाज. या शेजारच्या बाई, खास माझ्या धोंड्यांसाठी मदतीला आलेल्या.

"काय बाई ते लाकूड! वल्ल्या सरपनानं सकाळधरनं डोळे फुटायलेते. आंगनात वाळलेली बाभळ पडलेली दिसली, दोन आनली. लय झ्याक जळायलंय!"

आम्ही धावत गेलो. चुलीत एक आरा निम्मा निखारा झाला होता आणि दुसऱ्यावरचा माझा खडूचा 'सात' धडाधड पेटत होता. बन्सीधर तो ओढायला वाकला, तर आबासाहेबांनी त्याला थांबवलं.

"जळू दे," ते हळूच म्हणाले. "जावयाच्याच धोंड्याखाली जळायलाय."

आता शहाण्या माणसानं इथं हात जोडले असते. पण माझ्या डोक्यात उजेड पडला! दोन आरे कमी आहेत ना? मग दुसऱ्या चाकात बारा आहेत की! त्यातले दोन काढायचे. इतकं सोपं!

हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. तिथं कुणीच हसलं नाही. बन्सीधरनं डोळे मिटले. आबासाहेबांनी अक्षरशः हात जोडले नि म्हणाले, "करा, जावईबापू."

केलं. डाव्या चाकाचीही धाव काढली, पुठ्ठे काढले, दोन आरे उपसले. ते उजव्या चाकात अर्थातच बसेनात. एक तर असा अडकला की ना आत जाईना ना बाहेर येईना. मी आकड्याचा दांडा सगळा जोर लावून फिरवला, तर तुंब्यालाच उभी चीर गेली. दिवस मावळायच्या सुमाराला आबासाहेबांच्या अंगणात गाडीचा नुसता साटा, एक जू आणि बाकी सगळं सरपण होतं.

"मुंजाजी, किती वेळ लागेल?"

"नवा तुंबा घडवायचा. चार दिस."

"दुसरी गाडी?"

"समद्या गाड्या सकाळीच गेल्या गंगेला, मुक्कामी," बन्सीधर म्हणाला. "आमीच थांबलोतो. तुमचे धोंडे व्हायचे व्हते म्हनून."

पंचफुला दारात उभी होती. "आता मायला तुमीच सांगा!" एवढंच बोलली आणि आत निघून गेली.

सांगायची वेळच आली नाही. सासूबाईंनी सगळं पाहिलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, पण त्या माझ्याशी समोरासमोर एक अक्षर कधी बोलल्या नव्हत्या. जावयाशी बोलायचं नाही, अशी त्यांच्या पिढीची रीत. डोईवरचा पदर पुढं ओढून त्यांनी ताम्हणात माझे पाय धुतले. पाणी जरा जास्तच कढत होतं, पण मी ब्र काढला नाही. मग मी सहा धोंडे खाल्ले. चांगले खरपूस झाले होते. काय सांगू, बाभळीच्या आचेची सर कशालाच नाही!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सासूबाई, पंचफुला आणि सात बायका पायी निघाल्या. तीन कोस, काळ्या रानाचा चिखल! पंचफुलानं भाकरीची दुरडी उचलून माझ्यापुढं धरली. मी आबासाहेबांकडं आशेनं पाहिलं. एरवी मी पाण्याचा तांब्या उचलला तरी 'राहू द्या जावईबापू' म्हणणारा माणूस, बैलाच्या शिंगांकडं बघत उभा राहिला. मी दुरडी डोक्यावर घेतली.

वाटेत माझी एक वहाण चिखलात गेली. मग दुसरीही सोडून दिली. पुढं सासूबाई, साठीतली बाई, लुगडं वर खोचून, गुडघा धरत, पाय उपसत चालली होती. खोटं कशाला बोलू, त्या तीन कोसांत मला माझी इतकी लाज वाटली की दुरडीचं ओझंसुद्धा बरं वाटलं.

गंगेवर ही गर्दी! सासूबाई पाण्यात उतरल्या. एक बुडी, दोन बुड्या, तीन. वर आल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, सुटलो! काठावर मी दुरडी धरून उभाच होतो. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, पाठ माझ्याकडं केली आणि गंगेला सांगायला लागल्या. आवाज मात्र असा की पलीकडच्या थडीला ऐकू जावा.

"गंगामाई, आठ वर्सानं आले. चालत आले. सोताला काई मागत न्हाई. जावई लय गुनाचा हाय माझा. त्याला बढती दे, मोठ्या सायबाच्या खुर्चीत बसव." मला भरूनच आलं. "फकस्त पुढल्या अधिकात त्याची रजा मंजूर होऊ दिऊ नको!"

सातही बायका लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून खदखदत राहिल्या. पंचफुला तर पाण्यात बसली!

तीन वर्षं सरली, यंदा पुन्हा अधिक आला. मी मोठ्या उमेदीनं रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं, 'भांडाराची वार्षिक मोजणी. रजा नामंजूर.' पंचफुला एकटीच माहेरी गेली. सासूबाई नव्या चाकांच्या गाडीत ऐटीत बसून गंगेला जाऊन आल्या, असं कळलं.

गंगामाई जागृत आहे, यात शंकाच नाही. पण बढतीचं अजून काही लक्षण दिसत नाही. दोन मागण्यांतली एकच तिच्या कानावर गेली असावी.