एक नंबरचा बिल्ला

बापटकाकांच्या घरी चपला दाराबाहेर राहतात आणि फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात जातो. दार उघडलं की ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. हात पुढे करून एकच शब्द, "जमा!" मग आपल्या हातात पितळेचा नंबरवाला बिल्ला पडतो. निघताना बिल्ला द्यायचा, फोन न्यायचा. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांचे बिल्ले भंगारात निघालेले, ते यांनी घरी आणले. हौस बघा!

मी नौपाड्यात त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. वाटीभर साखर मागायला गेले तरी मला सात नंबर मिळतो. एकदा घाईत मी खिळ्यावरचा पहिलाच बिल्ला ओढला, तर केवढ्यानं ओरडले!

"तो नाही! तो सईचा!"

सई म्हणजे त्यांची डोंबिवलीची नात, कॉलेजात जाते. काकू गेल्यापासून दर रविवारी आजोबांकडे जेवायला यायची. काका शनिवारपासूनच तयारीला लागायचे, आणि ती आली की दोघांचं भांडण आमच्या घरात ऐकू यायचं.

"आमच्या कारखान्यात तीनशे माणसं आठ तास फोनशिवाय राहायची!"

"आजोबा, तेव्हा मोबाइल होते कुठे?"

"असते तरी जमा केले असते!"

"आणि महत्त्वाचा फोन आला तर?"

"ऐकू येईल. डबा काय बहिरा आहे?"

गेल्या महिन्यात नेमकं तेच झालं. कॉलेजच्या एकांकिकेत घेण्यासाठी सईला फोन आला, तेव्हा डबा ओट्यावर आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या. तीन मिस्ड कॉल. तिचं काम दुसरीला गेलं. सईनं बिल्ला टेबलावर ठेवला, "आता मी येतच नाही," म्हणाली आणि अर्ध्या जेवणावरून उठून गेली.

मी काकांना चांगलं झापलं. "चूक तुमची आहे. फोन करा तिला."

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

तीन रविवार सई आली नाही. काल दुपारी वरून ड्रिलची घरघर सुरू झाली, तशी मी तणतणत वर गेले. दार सताड उघडं. वायरमन खिडकीपाशी, जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात, प्लग बसवत होता. खाली काकूंची वेताची खुर्ची, तिच्यावर नवी कोरी उशी.

"काका, हे काय? नियम संपला?"

"तुझा नाही संपला. जमा!"

मी मुकाट्यानं दिला. घेतला सात नंबर.

"चार्जिंगला लावून इथे बसू दे तिला," काका उशी थोपटत म्हणाले. "दिवसभर मान खाली घालून बसली तरी चालेल. समोर तर असेल."

"हे तिला सांगितलंत?"

"कसं सांगू गं? काय म्हणून सांगू?"

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. मीच डब्यातून माझा फोन काढला, सईला लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. काका खाकरले.

"सई, अगं... तुझा फोन नको मला. तू ये."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. काकांनी वळून भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं.

"आहे, आहे. एक नंबर तिथेच आहे. कोणाला हात लावू दिलेला नाही मी."

बोलणं संपलं तरी माझा फोन दोन्ही हातांत धरून ते त्या खुर्चीशेजारी उभे होते. मी मागितला नाही.