दत्तूमामा आणि तुरीत शिरलेलं विमान

बदनापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या दत्तूमामांच्या दारात कुणी पडलं, तर मामा त्याला लगेच उठू देत नाहीत. शेवाळावरून मी आपटलो, तेव्हा धावत येऊन ओरडले, “हलू नको! पाय कुठून सरकला ते बघू दे!” मी कंबर धरून विव्हळतोय आणि हे फरशीवरची घसरल्याची रेघ वितीनं मोजतायत. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. “कारण घावलं की निम्मी दुरुस्ती झाली,” हे त्यांचं पालुपद.

गावाबाहेर शिकाऊ विमानांची धावपट्टी आहे, तिला लागून माझं तुरीचं शेत आहे. विमानं बघायला मामा हटकून माझ्यासोबत येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या डोळ्यांदेखत एक छोटं शिकाऊ विमान उतरताना दोनदा उसळलं, पट्टी संपली तरी थांबेना आणि कुंपण तोडून तुरीत शिरलं. पुढचं चाक मोडलं, नाक मातीत रुतलं.

विशीतली एक मुलगी आपली आपण बाहेर आली आणि मटकन बांधावर बसली. माणसं जमली, मोबाइल निघाले. एकजण म्हणाला, “पोरीच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय व्हणार?”

“वारा काय पोरगा-पोरगी बघून फिरतो का रे?” मामा कडाडले. बांधावर पेटवलेल्या काडीकचऱ्याच्या धुराकडे बोट दाखवून म्हणाले, “ऐनवेळी वारा पाठीमागून आला. मंग वेग कसा कमी व्हावा?”

मुलीनं विचारलं, “काका, चूक माझीच ना?”

“थोडी तुझी. उसळलं तवाच परत वर न्यायचं होतं. बाकी वाऱ्याची. हात-पाय बराबर हायत ना, बेटा?”

तिनं घरी फोन लावला, पण तोंडून शब्द फुटेना. मामांनी फोन घेतला. “तुमची पोरगी धडधाकट हाय. माझ्यासमोर बसून राह्यली. आधी हे ऐका. कसं झालं ते मंग सांगतो.”

तिची माणसं येईपर्यंत मामा तिच्याजवळून हलले नाहीत. विमानाकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

परतताना मोटरसायकलवर मागून त्यांचा आवाज आला. “आमच्या सुधीरच्या वक्ताला वर्कशॉपात फोन आल्ता. त्या माणसानं आधी ट्रक सांगितला, मंग वळण, मंग ब्रेक. मी आपला इचारून राह्यलो, ब्रेक कसा लागला न्हाई, टायर कसं होतं…”

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरगा गेला, हे त्यानं शेवटाला सांगितलं.”

मामांना मुलगा होता, हे शेजारी राहूनही मला माहीत नव्हतं. मी गाडी हळू केली. घर येईपर्यंत त्यांचा हात खांद्यावर तसाच होता.