आखाजीचा बार

सुरतेच्या भेस्तानमधल्या सुकलालच्या दोन खोल्यांच्या घरात एकच लोखंडी कपाट होतं आणि त्यात बंदूक राहत होती. शोभाबाईच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत, योगिताची पुस्तकं माळ्यावर, तांदळाचा डबा मोरीच्या कडेला. कपाट मात्र बंदुकीचं. तेही भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलेलं. काडतुसांचा डबा वेगळा आणि त्याचं कुलूपही वेगळं. एक किल्ली सुकलालच्या करदोड्याला असे. दुसरी कुठे असते ते शोभाबाईलाही ठाऊक नव्हतं, आणि तिने विचारणंही सोडून दिलं होतं.

“मना लुगडा पलंगखाले नि तिले कपाट,” ती शेजारणींना सांगे. “सवत शे मनी. काही खायत नही, पियत नही, म्हनीसन चालू देस.”

बंदूक सुकलालच्या वडिलांची. खानदेशात शेतात रानडुकरं फार, म्हणून त्यांनी ती दुनळी रीतसर घेतलेली होती. ते गेल्यावर लायसन्स सुकलालच्या नावावर झालं. तो तेव्हा सुरतेत लूम चालवत होता. स्वतःची लायसन्सची बंदूक असलेल्या माणसाला गनमॅनची नोकरी मिळते, असं कुणीतरी सांगितलं, आणि सुकलाल लूम सोडून पर्वत पाटियाच्या एका पतपेढीच्या दारात खाकी घालून उभा राहिला. त्या दिवसापासून बंदूक हा त्याचा धर्म झाला.

नळी कायम जमिनीकडे. बोट घोड्यापासून लांब. रिकामी असली तरी भरलेलीच आहे असं समजून वागायचं. हे नियम त्याच्या अंगात इतके मुरले होते की शोभाबाई लाटणं रोखून काही सांगायला लागली तर तो आधी म्हणे, “नळी खाले कर, मंग बोल.” बंदुकीला खांद्याचा पट्टा घ्यायला तो गेला तेव्हा त्याने दुकानातला प्रत्येक पट्टा अडकवून, वाकून, जिना चढून-उतरून पाहिला होता. शेवटी दुकानदारच थकून स्टुलावर बसला होता.

ओळखीच्यांपैकी कुणाला बंदूक घ्यायची असली की तो सुकलालकडे येई आणि न घेता परत जाई. कोसाडचा सुकदेव असाच आला होता.

“कोणती लेवाले जोयजे, भाऊ?”

“कसाले जोयजे ते पहिले सांग.”

“जरा वट ऱ्हास.”

“मंग मिशी वाढाव,” सुकलाल म्हणाला. “लायसनबी लागत नही नि कुलूपबी लागत नही.”

दिवाळीत मात्र हा बंदूकवाला खिडक्या लावून घरात बसे. फटाक्यांची ठिणगी उडाली तर बंदुकीजवळ कुणीतरी हवं, असं त्याचं म्हणणं. एवढी जबाबदारीची जाणीव बघून आख्खी गल्ली त्याला मानायची.

पण गल्लीने मानलं म्हणून पोरीचं लग्न जमत नाही. योगिताला बघायला येणारी मंडळी पोहे खायची, मुलगी पसंत करायची, मग कुणाचं तरी लक्ष कपाटाकडे जायचं आणि “कळवतो” म्हणून निघायची. बंदूकवाला सासरा कुणाला हवा असतो? नवरा-बायकोचं उद्या काही वाजलं तर बायको माहेरी फोन करणार, आणि माहेरी दुनळी. दोन चांगली स्थळं अशी हातची गेली होती. आता तिसरं आलं होतं. मुलगा गोपाल, डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, निर्व्यसनी. योगितालाही तो आवडला होता. तो गेल्यावर ती तीनदा आरशात बघून आली. त्याचे वडील निंबा यांनीही सगळं पसंत असल्याचं सांगितलं, पण पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाले, “बाकी झकास शे. ते कपाट तेवढं...” आणि वाक्य अर्धवट सोडून गेले.

आठवडाभर शोभाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सुकलालचंही तेच, फक्त तो ते ड्युटीवर दाखवत नव्हता.

आणि एका दुपारी, ड्युटीवरच, निंबांचा फोन आला. गोपाल ऐकायला तयार नाही, तेव्हा होकार. सुकलालला उभ्या जागी भरून आलं. तो दाराच्या कडेला सरकला, नळी जमिनीकडे आहे ना ते पाहिलं, आणि आनंदाने बोलू लागला.

“आते कसानी वाट देखतस? आखाजीले बार उडाई टाकूत.”

पतपेढीचे मॅनेजर हसमुखभाई तेव्हा नेमके काउंटरवर आले होते. हसमुखभाई गुजराती. सुकलालची अहिराणी गुजरातीला इतकी जवळची की गुजराती माणसाला ती निम्मी कळते, आणि निम्मं कळणं हे काहीच न कळण्यापेक्षा वाईट. खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? लग्नाचा बार उडवतात, हे तरी कोण सांगणार? त्यांना ठाऊक होते ते एकच अखाजी. पतपेढीचे चेअरमन, मूळचे राजस्थानचे, अखाराम शेठ. सगळं मार्केट त्यांना आदराने अखाजी म्हणायचं.

“मानसे?” सुकलाल फोनवर सांगत होता. “पन्नास मानसे बस व्हयी गयात. जास्ती लफडा नही जोयजे... हाऊ, सोनं तुमनाकडथीन, भांडा मनाकडथीन... आवाज कमी ऱ्हायना म्हंजे बरं. पटकन उरकी टाकूत.”

हसमुखभाईंच्या हातातला शिक्का खाली पडला. बार, पन्नास माणसं, सोनं, आवाज कमी, आणि काम पटकन उरकायचं. ते भिंतीच्या आधाराने चेअरमनच्या केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावली.

अखाजी शेठ शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना घाम फुटला.

“पर मैंने उसका क्या बिगाडा?”

“मागच्या वर्षी पगारवाढ मागितली होती,” हसमुखभाई आपल्या गुजराती-हिंदीत पुटपुटले. “तुम्ही ‘देखेंगे’ म्हणालात.”

“तो देख रहा था ना मैं.”

बाहेर पडावं तर दारातच सुकलाल. शेठनी केबिनचं दार इंचभर उघडलं की तो खाडकन सलाम ठोके, सलामासाठी खांद्यावरचा पट्टा सावरे, आणि दार धाडकन बंद होई. शेठना मधुमेह होता आणि बाथरूम दाराच्या पलीकडे होतं, त्यामुळे प्रश्न लांबणीवर टाकण्याजोगा नव्हता. आधी माणूस आणि बंदूक वेगळे करावेत, असं ठरलं.

हसमुखभाई ओठांवर हसू चिकटवून बाहेर आले. “सुकलालभाई, बंदूक भारे लागती हशे. लावो, हुं पकडुं.”

“ना साहेब. लायसन मेरे नाम का है. दूसरे के हाथ में गई तो मेरा भी गुनाह, आपका भी.”

हसमुखभाईंनी मग लोचो मागवला. गरमागरम, वर भरपूर तेल आणि शेव. एका हातात डिश, दुसऱ्या हातात चमचा, मग बंदूक धरायला तिसरा हात आणणार कुठून? पण सुकलालने बंदूक पाठीवर घेतली, नळी खाली वळवली आणि दोन्ही हातांनी निवांत खाल्लं. “इसी लिए तो ये पट्टा लिया, साहेब,” तो शेव चावत म्हणाला. “दोनों हाथ खाली रहते हैं. काम के टाइम बहुत फायदा.”

कुठल्या कामाच्या, ते विचारायचं धाडस हसमुखभाईंना झालं नाही. ते मागे फिरणार तोच सुकलालने त्यांना थांबवलं. आज त्याला सगळं जगच गोड वाटत होतं. मॅनेजरने स्वतःहून लोचो खाऊ घातला, तर रजेचं बोलून घ्यावं, असं त्याला वाटलं.

“साहेब, एक अरज है. अखाजी का काम निपट जाए, तो चार दिन छुट्टी चाहिए. सब लोग गाँव निकल जाएँगे.”

हसमुखभाईंनी केबिन गाठली आणि पोलिसांना फोन लावला.

फौजदार दोन शिपायांना घेऊन आले. सुकलालला केबिनमध्ये बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला फौजदार, दुसऱ्या बाजूला फायलींच्या कपाटाआड अखाजी शेठ. फौजदारांनी बंदूक मागितली. सुकलालने ती भिंतीकडे वळवली, मधून मोडून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि दस्ता पुढे करून त्यांच्या हाती दिली. शिपाई एकमेकांकडे बघू लागले. इतकं नीट तर तेही करत नसत.

“अखाजी को क्यों उडाना है?” फौजदारांनी सरळ विचारलं.

“अखाजी को नहीं, साहेब. अखाजी के दिन उडाना है.”

“दिन भी पक्का कर लिया,” कपाटाआडून शेठचा आवाज आला.

“पंचांग में है, शेठजी.”

सुकलाल जितकं समजावत होता तितकं प्रकरण चिघळत होतं. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे नेमके त्याच वेळी निंबा आणि गोपाल दारात उभे राहिले. मार्केटात बस्त्याच्या साड्या बघायला आले होते. होकार तोंडी दिला, आता व्याह्यांचं तोंड गोड करावं म्हणून हातात घारीचा डबा. आत पाहतात तर व्याही पोलिसांच्या मधे उभे. निंबांनी डबा काखेत घट्ट धरला, तो परत न्यावा लागणार असल्यासारखा.

सुकलालची नजर डब्यावर खिळली. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल. हे स्थळ गेलं तर योगिताच्या तोंडाकडे कसं बघायचं?

“काय व्हयनं?” निंबांनी विचारलं.

फौजदारांनी सांगितलं. निंबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“साहेब, आपकी अखात्रीज, वो हमारी आखाजी. और बार उडाना मतलब शादी करना. इनकी लडकी, हमारा लडका.”

“अखात्रीज?” फौजदार म्हणाले.

“अखात्रीज?” हसमुखभाई म्हणाले आणि खुर्चीत बसले.

“पर गोली?” शेठनी विचारलं.

“गोली नही, शेठजी. अक्षता. चावल.”

शेठ फायलींच्या कपाटाआडून बाहेर आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि कुणाशी काही न बोलता बाथरूमकडे धावले.

ते परत आले तेव्हा सगळे हसत होते, निंबा सोडून. त्यांनी डबा अजून काखेतच धरला होता. एक गैरसमज मिटला, पण पोलीस, बंदूक आणि व्याही हे तीन शब्द एका जागी आल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“व्याही, एक ईचारस. खरं सांगा. तुम्ही कव्हय कोनावर गोळी चालाई का?”

सुकलालने एकदा निंबांकडे पाहिलं, एकदा शेठकडे. खरं सांगावं तर इथली नोकरी जाते. आजवर गोळ्या उडवल्याच आहेत, रुबाबात उडवल्या आहेत असं म्हणावं तर पोरीचं लग्न जातं. बिचाऱ्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. मग त्याला आरशात तीनदा बघणारी योगिता आठवली.

“नही. कव्हयच नही.”

“हवामा?”

“हवामाबी नही.” त्याने मान खाली घातली. “माले आवाजनं भ्याव वाटस.”

“क्या बोला?” फौजदारांनी विचारलं.

निंबांनी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. “बोला, आवाज से डर लगता है.”

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, तेव्हा सुकलालने सगळंच सांगून टाकलं. लहान असताना बापाने त्याच्या कानाजवळून डुकरावर बार काढला होता. डुक्कर पळून गेलं, पण सुकलाल दोन दिवस तापाने फणफणला. लूमच्या खटखटीचं काही वाटायचं नाही, ती आपली सारखीच चालू असते. बार सांगून येत नाही, म्हणून त्याची धडकी. कुलपं, डबे, किल्ल्या, दिवाळीच्या बंद खिडक्या, सगळं त्याच्यासाठीच. चुकून उडू नये म्हणून.

गोपाल हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागला. निंबांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, आणि त्यांनी काखेतला डबा काढून टेबलावर ठेवला.

“मंग पहिलेच सांगतात ना, व्याही. मी आठ दिन झोपनू नही.”

सुकलालने घारीचा तुकडा हातात घेतला, पण नजर शेठकडे होती. न उडणाऱ्या बंदुकीला पगार कोण देणार? शेठ बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. ज्याने सगळी दुपार आपल्याच गनमॅनच्या भीतीने कपाटाआड काढली, त्याची अशा बाबतीतली मतं पार बदललेली असतात.

“हसमुखभाई,” ते शेवटी म्हणाले, “इसकी पगारवाढ कर दो. गनमॅन हो तो ऐसा.”

मग आनंदाच्या भरात त्यांनी आणखी एक सुचवलं. “सुकलाल, शादी में आऊँगा. हमारे यहाँ तो एकाध फायर होता है, खुशी का.”

“नही, शेठजी,” सुकलाल ताठ होऊन म्हणाला. “वो गुनाह है. बंदूक उस दिन कपाट में रहेगी.” आणि शोभाबाईने ऐकलं असतं तर तिला पहिल्यांदाच सवतीची दया आली असती.

आखाजीला भेस्तानच्या एका लग्नाच्या वाडीत लग्न लागलं. पहिल्या रांगेत अखाजी शेठ फेटा बांधून बसले होते, शेजारी हसमुखभाई. अंतरपाटाच्या एका बाजूला गोपाल, दुसऱ्या बाजूला योगिता. सुकलाल दोन्ही मुठींत अक्षता घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे वारंवार भरून येत होते. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, तशी मांडवाबाहेर कुणीतरी फटाक्यांची लड पसरायला घेतली. सुकलालला ती दिसली नाही. निंबांना दिसली. नवरदेवाच्या बापाने जागा सोडू नये असा रिवाज, पण ते तसेच मांडव ओलांडून आले आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले,

“व्याही, कान झाका. आते बार उडस.”

हसमुखभाई खुर्चीतून उठून खांबामागे गेले. सुकलालने मुठींसकट दोन्ही हात कानांवर दाबले. अंतरपाट दूर झाला, लड कडाडली, आणि मुलीच्या डोक्यावर टाकायच्या सगळ्या अक्षता त्याच्या स्वतःच्या कॉलरमध्ये गेल्या.