कण्हण्याचा शासनमान्य नमुना

आपले शिक्षण संपले आहे असे ज्या कर्मचाऱ्याला वाटू लागते, त्याचे शिक्षण पुन्हा सुरू करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. या उदात्त धोरणानुसार वडशाच्या दवाखान्यातील भौतिकोपचारतज्ज्ञ श्री. गुणवंतराव खोब्रागडे यांना, ते नोकरीत चांगले रुळल्यावर, निरंतर शिक्षणाचा आदेश आला. विषय होता हाडे, सांधे व स्नायूंचे दुखणे. जो या शिक्षणात उत्तीर्ण होणार नाही त्याचा विभाग बंद करून तेथील खाट, वजने व दोऱ्या नागपूरला जमा कराव्यात, असेही आदेशात आपुलकीने नमूद केले होते.

गुणवंतरावांना गाव 'मालिशवाले डाक्टर' म्हणे. आपण मालिश करीत नाही, हे सांगून सांगून त्यांनी शेवटी नाद सोडला होता. त्यांचा विभाग म्हणजे एक खोली आणि तिच्यात एक खाट. रोग्याच्या कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, दोरीला कप्पीवरून वजन, की ओढ बसून दबलेली नस मोकळी होते. या खाटेवर रोज संध्याकाळी त्यांची थोरली बहीण बायनाबाई, म्हणजे त्यांची 'बाई', येऊन पडे. मायबाप लवकर गेले तेव्हा बायनाबाईनेच लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांधलेल्या वाफ्यांत, रोवणी करून भावाला नागपूरला शिकवले होते. आयुष्यभर चिखलात वाकून धानाचे रोप लावल्याने तिची कंबर गेली होती आणि कळ डाव्या पायात उतरली होती. वजनाने पायाची बधिरता मागे हटत होती. ही ओढ थांबली तर बाईचा पाय जाणार, हे गुणवंतरावांना पक्के ठाऊक होते.

चंद्रपूर जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते. मात्र दुखण्याच्या वाटणीचा आदेश निघायचा होता, म्हणून चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा दोन्हीकडच्या तज्ज्ञांचे शिबिर एकत्रच वडशाला ठरले. शिकवायला मुंबईहून डॉ. दिघे आले. कंबरदुखीवर त्यांचा अधिकार मोठा होता. त्यावरची सगळी पुस्तके त्यांनी बसून वाचली होती, आणि इतके बसूनही त्यांची स्वतःची कंबर ठणठणीत होती. रोगी पुरवण्याची जबाबदारी गुणवंतरावांची. त्यांनी आपले खात्रीचे रोगी आणले: रोवणीच्या बायका, धानाच्या गिरणीतले हमाल, आणि सर्वांत पुढे बायनाबाई.

पण झाडीत, म्हणजे या जंगलाच्या आणि धानाच्या मुलखात, एक रीत आहे. पाहुणा आला की आधी पाणी द्यायचे आणि मग खुशाली सांगायची, आणि खुशाली एकाच प्रकारची असते. डॉ. दिघ्यांनी बायनाबाईच्या कमरेत अंगठा रुतवून दुखते का म्हणून विचारले. बायनाबाईने पदर सावरला.

"नाई जी, बरं हाये. तुमचं बरं हाये ना?"

मागून आलेल्या हमालानेही बरं हाये म्हटले. त्याच्या मागच्या सगळ्यांनी हेच सांगून साहेबांच्या मुलाबाळांची चौकशी केली. डॉ. दिघ्यांनी वही मिटली. उद्यापर्यंत खरी वेदना दिसली नाही तर सर्व प्रशिक्षणार्थी अनुत्तीर्ण, असे त्यांनी जाहीर केले. गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे खाट नागपूरच्या गाडीत चढताना दिसू लागली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गुणवंतरावांनी नटाचे धरले. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांतल्या नाटकांचा हंगाम होता आणि वडशात नटांना तोटा नव्हता. त्यांत लच्छू म्हणून एक होता. त्याचे काम एवढेच, की तिसऱ्या अंकात नायकाचा बाप होऊन मरायचे. पण ते मरण असे रंगे की लोक वन्समोर घेत आणि बाप उठून पुन्हा मरे. कोंबडीच्या जेवणावर सौदा ठरला.

दुसऱ्या दिवशी डॉ. दिघ्यांचा अंगठा लच्छूच्या कमरेला लागतो न लागतो तोच लच्छूने खालच्या पट्टीत सुरुवात केली. मग श्वास अडकवला, आवाज चढवला, मध्येच "सूनबाई, दिवा लाव" असे क्षीणपणे म्हटले आणि एका डोळ्यातून एकच थेंब काढला. मागच्या बाकावरून ब्रह्मपुरीच्या तज्ज्ञाने सवयीने वन्समोर दिला, आणि लच्छूने तोही घेतला. डॉ. दिघे भारावले होते. इतकी स्वच्छ वेदना आपण विलायतेतही पाहिली नाही, असे ते म्हणाले.

सर्व प्रशिक्षणार्थी उत्तीर्ण झाले आणि गुणवंतराव पहिले आले. खाट वाचली, बाईचा पाय वाचला, या आनंदात त्यांनी सर्वांना चहा पाजला. गोष्ट येथे संपायला हरकत नव्हती. परंतु डॉ. दिघ्यांजवळ टेपरेकॉर्डर होता.

काही महिन्यांत सर्व दवाखान्यांना लच्छूची ध्वनिफीत आणि सोबत परिपत्रक आले. प्रत्येक तज्ज्ञाचा अंगठा वेगळा असल्याने रोग्याला हात लावून वेदना ओळखण्याची पद्धत अशास्त्रीय ठरली होती. यापुढे रोग्याला फीत ऐकवावी, मग त्याला कण्हायला लावावे आणि दोन्ही आवाज ताडून श्रेणी द्यावी. प्रथम श्रेणीला खाट व वजन मिळे. द्वितीय श्रेणीला गोळी, आणि त्याखालच्यांना मार्गदर्शन. वजने भांडारपालाच्या कुलपात गेली आणि श्रेणीची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ती बाहेर निघेनात.

गुणवंतरावांनी बाईला फीत ऐकवली. तिने लक्ष देऊन ऐकले आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"हा तं लच्छू हाये. मागच्या मंडईत यानं असाच बाप मारला होता."

"बाई, हसू नको. याच्यासारखं एक डाव कण्ह. तुहा पाय जाईल."

बायनाबाईने प्रामाणिकपणे तोंड उघडले. आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला तर पुन्हा हसूच आले. मग ती हसायची थांबली.

"मले नाई येत, भाऊ. माय मेली तवा बी मी बांधीतच होती. मंग तू नागपूरले गेला, रोजी बुडवून कण्हत बसली असती तं तुले पैसे कोनं धाडले असते?"

गुणवंतरावांचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी चिठ्ठीवर 'मार्गदर्शन' लिहिले. नापास झालेला माणूस शिक्षणावर शंका घेतो. पहिला आलेला कुठून घेणार?

बाकीच्या गावाला मात्र कण्हणे अवघड गेले नाही. लच्छूने नाटक सोडून गिरणीच्या मागे वर्ग काढला. तेथे अडते आले, रजा हवी असलेले बाबू आले, सासूशी पटत नसलेला एक जावईही आला. सगळे प्रथम श्रेणीत निघाले. खाट सकाळपासून भरलेली राहू लागली. या रोग्यांना मुळात काही झालेले नसल्याने ते झटपट बरेही होत. दुखऱ्या माणसाला बरे करायला महिने लागतात, न दुखणाऱ्याचे काम दुपारपर्यंत आटोपते. विभागाचा निकाल शंभर टक्के लागला आणि गुणवंतरावांना प्रशस्तिपत्र मिळाले.

आकडे मुंबईला गेले. डॉ. दिघ्यांनी त्यांवर निबंध वाचला. जे गादीवर बसतात त्यांच्यात कंबरदुखीची साथ आहे, आणि ज्या बायका दिवसभर चिखलात वाकतात त्यांच्यात ती औषधालाही सापडत नाही. अर्थ उघड होता. वाकण्यानेच कंबर सुधारते. अडत्यांना उपचार म्हणून रोवणीला लावावे का, यावर एक समिती नेमण्यात आली. अडत्यांनी समितीला जेवण दिले आणि तो मुद्दा मागे पडला. उरलेला अर्धा मुद्दा तेवढा मंजूर झाला: ज्या आधीपासून वाकत आहेत त्यांनी अधिक वाकावे.

आषाढात बायनाबाई मार्गदर्शनासाठी आली तेव्हा तिचा अंगठा चपलेत राहत नव्हता. चप्पल वाटेत कुठे निसटली, हे तिला कळलेही नव्हते. गुणवंतरावांनी तिच्याकडे पाहिले, मग परिपत्रकाकडे. क्षणभर त्यांचा हात तिच्या कमरेकडे गेला, पण हात अशास्त्रीय होता. तो त्यांनी मागे घेतला आणि यंदा रोवणीला एका बांधीऐवजी दोन बांध्या धरायला सांगितले. बायनाबाईचा भावाच्या शिक्षणावर विश्वास होता, तिनेच ते दिले होते. तिने दोन बांध्या धरल्या.

हिवाळ्यात गुणवंतरावांची नेमणूक चंद्रपूरला, इतर तज्ज्ञांना शिकवण्यासाठी झाली. निघायच्या दिवशी बायनाबाईने त्यांची लोखंडी पेटी डोक्यावर घेतली. ती नको म्हणाली तरी पेटी त्यांनी घ्यायला हवी होती, पण चिठ्ठीप्रमाणे तिला काहीही झालेले नव्हते. स्टेशनपर्यंत तिचा डावा पाय मातीतून ओढत येत होता आणि मागे एक रेघ उमटत होती. अरुंद रुळांची छोटी गाडी उभी होती, पण सुटायला वेळ होता. गुणवंतरावांनी मागे वळून त्या रेघेकडे पाहिले.

"बाई, लय दुखते काय?"

बायनाबाईने पेटी खाली ठेवली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"तू तं पहिला आला, भाऊ. आता तूच सांग."

गुणवंतरावांनी शिकल्याप्रमाणे कान दिला. वाफ सुटल्याचा आवाज आला, हमालाची हाक आली. बाईकडून काहीच आले नाही.

"नाई दुखत," ते म्हणाले. त्यांना खरोखर हायसे वाटले. गाडीत चढून त्यांनी खिडकीजवळची जागा धरली.

वाचकहो, त्यांना नावे ठेवण्याची घाई करू नका. एवढे शिकायला त्यांना शासनाचा आदेश, मुंबईचा तज्ज्ञ आणि एक अख्खी ध्वनिफीत लागली. तुम्ही हे वाचत असताना तुमच्याही घरात, आत, कोणीतरी वाकून काहीतरी करीत असेल. कण्हण्याचा आवाज येत नाही, म्हणूनच तर तुम्ही पाय पसरून वाचता आहात. तुमचे शिबिर कुठे झाले होते?