सुभेदार गव्याचा आगाऊ सन्मान

एका जंगलात, बाळांनो, मरणाची फार टंचाई झाली होती.

पाऊस वेळेवर पडला होता. गवत पोटभर उगवलं होतं. साथ नाही, वणवा नाही. भांडणं व्हायची, पण ती शिव्यांवर भागायची. सगळं जंगल खुशीत होतं. एकटा सदानंद तरस तेवढा काळजीत होता.

कारण त्याचं 'सदानंद अंत्यसेवा केंद्र' होतं. मेलेल्यांची व्यवस्था लावणं हे तरसांचं पिढीजात काम. पूर्वी ते ही व्यवस्था जेवणाच्या वेळी उरकत. आता सुधारणा झाली होती. आता ते खड्डा खणत, फुलं वाहत आणि चेहरा लांब करून उभे राहत. केंद्राच्या दारावर पाटी होती, 'आमच्याकडे आलेला एकही जण तक्रार घेऊन परत आलेला नाही.'

पण हल्ली मुळात कुणी येईचना.

शेवटी सदानंदानं मंजुळा मैनेला बोलावलं. मंजुळा काही वर्षं शहरातल्या एका कचेरीत पिंजऱ्यात होती. तिथले मोठमोठे शब्द तिला तोंडपाठ होते.

"काका, तुमचं चुकतं कुठे सांगू?" मंजुळा म्हणाली. "तुम्ही लोकांकडे ते मेल्यावर जाता. ते जिवंत असतानाच जायला हवं."

"जिवंतांकडे जाऊन मी करू काय?"

"सन्मान!"

"कुणाचा?"

"सैनिकांचा. सैनिकाच्या सन्मानाला कुणी नाही म्हणत नाही. शिवाय आपले सैनिक आता म्हातारे झालेत. ते जायच्या आत आपलं नाव त्यांच्या तोंडी बसलं पाहिजे. याला जनसंपर्क म्हणतात."

सदानंदाला शब्द आवडला. त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला, तर तोंडाला पाणीही सुटलं. जुनी सवय, दुसरं काय!

आता सैनिक कुठले, ते ऐका. फार वर्षांपूर्वी या जंगलावर रानकुत्री चालून आली होती. जंगलातली सगळी पिल्लं नदीपलीकडे न्यायची होती. तोवर कुत्र्यांना काठावर कुणीतरी अडवून धरायला हवं होतं. दोघं उभे राहिले. एक तुळाजी गवा आणि दुसरा त्याचा शेजारी हरबा साळिंदर. पिल्लं वाचली. हरबा तिथेच पडला. तुळाजी एक शिंग गमावून आणि एक पाय गमावल्यासारखा परत आला. पाय होता, पण नावाला. जंगलानं त्याला सुभेदार म्हणायला सुरुवात केली आणि विषय संपला.

सुभेदार तुळाजी वर माळावर राहायचा. पाणी खाली नदीला. मधली वाट उभी, निसरड्या दगडांची. धडधाकट जनावरं टणाटण उतरून जायची. तुळाजीला मात्र चार दिवसांतून एकदा जमायचं, तेही पडत झडत. एरवी तो पानांवरचं दव चाटायचा. हरबाची बायको भागीरथी साळिंदर शेजारच्या बिळात राही. ती त्याला रसाळ कंद उकरून आणून देई.

"भाऊजी, महाराजांना पुन्हा सांगा की वाटेचं," ती म्हणायची.

तो सांगायचा. महाराज वाघ मान डोलवायचे. "जरूर, जरूर. तुमच्यासारख्यांच्या त्यागावर हे जंगल उभं आहे!" म्हणायचे. जंगल उभं होतं आणि वाटही तशीच उभी होती.

अशातच एका सकाळी सदानंद माळावर आला. मंजुळा त्याच्या पाठीवर बसली होती.

"सुभेदारसाहेब, आमचं केंद्र आपला सन्मान करणार आहे."

"कशाबद्दल?"

"आपण लढलात, त्याबद्दल."

"ते फार जुनं झालं हो."

"आमच्याकडे जुन्यालाच मान असतो," सदानंद म्हणाला आणि एक वेल घेऊन तुळाजीची लांबी मोजू लागला. मग रुंदी मोजली.

"हे कशाला?"

"शालीचं माप."

मग सदानंदानं वेल पाठीपासून पोटापर्यंत धरली.

"शालीला खोली लागते?" भागीरथीनं बिळातून डोकं काढून विचारलं.

"शाल जाडजूड आहे," मंजुळा घाईनं म्हणाली.

सोहळा थाटात झाला. सगळं जंगल माळावर लोटलं. महाराज अध्यक्ष. तुळाजीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती भुकेनं त्यानं अर्धी खाल्ली. मग सदानंदानं घोषणा केली.

"आमच्या केंद्रातर्फे सुभेदारसाहेबांची अंत्ययात्रा संपूर्ण मोफत! हत्तींचे खांदे, मोरांची मानवंदना आणि नदीकाठची सावलीतली जागा! मात्र ही सवलत पुढच्या पोळ्यापर्यंतच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळाजी गोंधळला.

"म्हणजे मला पोळ्याच्या आत मरावं लागेल?"

"घाई अजिबात नाही," सदानंद नम्रपणे म्हणाला. "आपल्या सोयीनं. पण पोळ्याच्या आत."

मग वीरपत्नी म्हणून भागीरथीला पुढे बोलावलं. मंजुळानं तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

भागीरथी काटे सावरत पुढे आली. मग म्हणाली, "आमच्या ह्यांना कुणी पुरलं नाही. तरसांचं केंद्र तेव्हाही होतं. मी गेले होते सांगायला. सदानंदभाऊंचे वडील म्हणाले, साळिंदराचे काटे बोचतात, उचलणार कोण? नदीच्या पुरानंच काय ते केलं. आमच्या ह्यांना नाही झालं ते निदान भाऊजींना तरी नीट होऊ दे. एवढंच विचारते, यांना नेणार कसे?"

"म्हणजे?" सदानंदाचा आवाज बारीक झाला होता.

"गवा आहे तो. ससा नव्हे. या वाटेनं खांद्यावरून उतरणार कसा?"

सगळ्यांनी वाटेकडे पाहिलं. मग खांदेकऱ्यांचा मुकादम दामाजी हत्ती पुढे आला. त्यानं कड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि सरळ मागे फिरला.

"आम्हाला नाही जमायचं. पाय घसरला तर एकाच्या जागी पाच अंत्ययात्रा काढाव्या लागतील."

सदानंदाच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली. पण महाराज गंभीर झाले. अंत्ययात्रेच्या पुढे चालायचं होतं ते महाराजांना! सगळ्या जंगलासमोर महाराज घसरून पडले तर?

"सुभेदारांची अखेरची वाट अशी?" महाराज गरजले. "त्यांच्या त्यागाची हीच किंमत? उद्यापासून कामाला लागा. वळसा घेणारी, रुंद, सपाट वाट झाली पाहिजे. नाव, वीरपथ!"

"महाराज, मी इतकी वर्षं हेच..." तुळाजी बोलू लागला.

भागीरथीनं त्याला हळूच एक काटा टोचला. "भाऊजी, खोका थोडं. आजारी दिसा," ती पुटपुटली.

तुळाजी खोकला. त्याला खोटं खोकता येत नव्हतं, पण झेंडू घशात अडकला होता, त्यामुळे ते छान वठलं. महाराजांनी 'उद्यापासून' खोडून 'आत्तापासून' केलं.

वीरपथ झाला. रानडुकरांनी माती उकरली, हत्तींनी दगड हलवले. मोरांनी मानवंदनेची तालीम सुरू केली. वाट इतकी सुरेख झाली की तुळाजी दुसऱ्याच दिवशी तिच्यावरून डुलत डुलत खाली गेला आणि पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी प्यायला.

तो रोज जाऊ लागला. मग दिवसातून दोनदा. काठचं हिरवं गवत त्याला मानवलं. अंगावर तकाकी आली. चालून चालून पायही मोकळा झाला. पोळ्याच्या सुमाराला तर तो इतका गरगरीत झाला, की सदानंदाचं माप चुकलं.

सदानंद रोज वाटेच्या कडेला उभा राहून विचारायचा, "सुभेदारसाहेब, तब्येत?"

"तुमच्या कृपेनं झकास!"

पोळा आला आणि गेला. मंजुळा दुसऱ्या जंगलात सल्ला द्यायला निघाली. निघण्याआधी निरोप घ्यायला ती नदीवर गेली, तर सदानंद एकटाच काठच्या वाळूत गुडघे टेकून बसलेला. तो वाळू उकरत होता. मधूनच साळिंदराचा एखादा जुना, झिजलेला काळापांढरा काटा सापडे. तो दातांत धरून सदानंद बाजूला ठेवी. त्याच्या ओठांतून रक्त येत होतं.

थोड्या अंतरावर भागीरथी बसली होती. तुळाजी तिच्या मागे उभा होता.

काटे मूठभर झाल्यावर सदानंदानं सावलीतल्या जागेत खड्डा खणला. अगदी लहानसा. काटे त्यात ठेवले आणि माती लोटली. चेहरा लांब करायला तो विसरला.

"काका, हे सांगितलं का नाहीत?" मंजुळा कळवळून म्हणाली. "महाराजांना बोलावलं असतं! मोर तयारच होते! आता हे कळणार कुणाला?"

"कुणाला कळवायचं नाहीये," सदानंद म्हणाला.

"मग केलंत कशाला?"

सदानंद खड्ड्यावरची माती पंजानं थापू लागला. भागीरथी उठली. तिनं आणलेल्या कंदांतला एक त्याच्यापुढे ठेवला. तरस कंद खात नाहीत, बाळांनो. पण सदानंदानं तो खाल्ला, सगळा.

तात्पर्य : पाण्यापर्यंत वाट हवी असेल, तर तहान लागली असं कधीही सांगू नये, लवकरच मरतो म्हणून सांगावं. आणि सन्मान करायचाच तर मोर बोलावून करावा. गुपचूप केलेल्या सन्मानातून तोंडाला जखमा आणि एक कंद, याखेरीज काही मिळत नाही.